आकडा सुधारला, पण पेशंटचं काय?

पत्र: डॉक्टर, नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी बाबांना हार्ट अटॅक आला, तेव्हा ते 53 वर्षांचे होते. एक स्टेंट टाकलाय. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, बीपीची गोळी आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे. तेव्हापासून मी रोज रात्री नवनव्या संशोधनाच्या बातम्या वाचत बसते आणि गोंधळ वाढतच जातो. बाबांचं एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, 34 आहे. ते वाढवायच्या गोळ्या सुरू कराव्यात का? धाकट्या भावाचं म्हणणं असं की स्टॅटिनने मधुमेह होतो, बाबांचे पाय दुखतात तेही त्यानेच, तेव्हा ती गोळी बंदच करा. (स्वतः तो तिशीत सिगारेटी ओढतो, ते असो.) त्यातच हॉस्पिटलने बाबांना एका औषधाच्या चाचणीत भाग घेता का म्हणून विचारलंय. रक्तवाहिन्यांतली सूज कमी करणारं औषध आहे म्हणे. पण कोणाला औषध आणि कोणाला नुसती तशीच दिसणारी गोळी, हे कॉम्प्युटर ठरवणार. बाबांवर प्रयोग करून घ्यायला मन धजत नाही, आणि नाही म्हटलं तर संधी हुकली असं वाटत राहील. काय करू? — गोंधळलेली लेक

उत्तर: आधी घाईचं सांगून टाकतो. स्टॅटिन परस्पर बंद करू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. स्टेंटनंतरच्या पहिल्या वर्षात त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. एचडीएल वाढवायच्या गोळ्या नकोत. चाचणीचा प्रश्न यांच्यापेक्षा अवघड आहे, त्याकडे सावकाश येऊ.

तुम्ही रात्री ज्या बातम्या वाचता त्या तीन निरनिराळ्या प्रकारच्या असतात, पण छापून येताना सगळ्यांचा सूर एकच असतो. काही बातम्या आजार शरीरात कसा घडतो हे सांगतात. काही सांगतात की अमुक गोष्ट असलेल्यांना तो आजार जास्त होतो. आणि अगदी थोड्या बातम्या सांगतात की अमुक उपाय केलेली माणसं जास्त जगली, किंवा त्यांना पुन्हा अटॅक कमी आले. तुमच्या बाबांच्या गोळ्या ठरवायच्या त्या या तिसऱ्या प्रकारावर. पहिले दोन प्रकार तिथवर पोचायच्या पायऱ्या आहेत, आणि या पायऱ्यांवरून वैद्यकशास्त्र किती वेळा घसरलंय याचा इतिहास तुमच्या प्रश्नांशी थेट जुळतो.

1980 च्या दशकातलं उदाहरण घ्या. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या हृदयात मधूनमधून जादा ठोके पडतात आणि असे ठोके जास्त असणाऱ्यांमध्ये अचानक मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं, हे पक्कं माहीत होतं. ते ठोके दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं आली. ईसीजीवर ठोके खरोखर कमी व्हायचे, डॉक्टरांना समाधान वाटायचं. मग 'कास्ट' नावाच्या चाचणीत यातलं एक औषध किंवा प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दिली गेली. सरासरी दहा महिन्यांनी हिशेब झाला तेव्हा औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले होते, प्लासिबोवाल्या 743 पैकी 26. ईसीजी सुधारला होता आणि माणसं मरत होती. चाचणी घेतलीच नसती तर चांगल्या हेतूने त्याच गोळ्या लिहिल्या जात राहिल्या असत्या. हे मृत्यूही कोणाच्या लक्षात आले नसते, कारण अटॅकनंतर माणूस अचानक गेला तर तो आजारानेच गेला असंच सगळे धरून चालतात.

आता तुमच्या 34 च्या आकड्याकडे वळू. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 साली 5,209 स्त्री-पुरुषांची पाहणी सुरू झाली. आज सर्रास वापरतो तो 'जोखीम घटक' हा शब्दप्रयोग याच अभ्यासामुळे रूढ झाला. एचडीएल कमी असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो हेही त्यातून दिसलं. जोडीला कारणही मोठं पटण्यासारखं होतं: एचडीएलचे कण रक्तवाहिनीच्या भिंतीतलं कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतात. म्हणजे एचडीएल वाढवलं की भिंती साफ. यात कोणाला काय खोट दिसणार?

टोर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल 72 टक्क्यांनी वाढलं, वर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, चतुर्थांशाने उतरलं. रिपोर्टाच्या कागदावर याहून सुंदर काय असणार. 15,067 लोकांवरची त्याची चाचणी डिसेंबर 2006 मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषधाच्या गटात मृत्यू जास्त होत होते; अंतिम हिशेबात 93 विरुद्ध 59. हे औषध रक्तदाबही वाढवत होतं, त्यामुळे 'हा एका औषधाचा दोष, एचडीएलचा नव्हे' असं म्हणायला जागा उरली होती. मग एचडीएल वाढवणाऱ्या नायसिन या दुसऱ्या औषधाची पाळी आली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीत नायसिनने एचडीएल वाढवूनही अटॅक कमी झाले नाहीत. उलट मधुमेह, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढले.

एचडीएलच्या आशेवर खरं पाणी पाडलं ते जनुकांच्या अभ्यासाने. काही माणसांना जन्मतःच असा एक जनुकीय फरक मिळालेला असतो की त्यांचं एचडीएल आयुष्यभर जरा जास्त राहतं. निसर्गानेच टाकलेल्या चिठ्ठ्या म्हणा ना. एचडीएल खरंच हृदयाचं रक्षण करत असतं तर या लोकांना अटॅक कमी यायला हवे होते. ते तसे येत नाहीत, हे 2012 साली दिसून आलं. म्हणजे कमी एचडीएल हे बहुधा दुसऱ्याच कशाचं तरी लक्षण असतं: पोटावरची चरबी, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी), इन्सुलिन नीट काम करत नसणं, धूम्रपान. अशा वेळी गोळीने एचडीएल वाढवणं म्हणजे तापलेल्या माणसाचा थर्मामीटर थंड पाण्यात बुडवणं. बाबांचा 34 हा आकडा निरर्थक मुळीच नाही. त्यांच्या पोटाचा घेर, साखर आणि ट्रायग्लिसराइड बघायला हवेत, एवढं तो नक्की सांगतो.

मग एलडीएलचं तरी कशावरून खरं, असं तुमचा भाऊ विचारेल, आणि विचारावंच. तिथे सगळे पुरावे एकाच बाजूला झुकतात. काही घराण्यांत जन्मापासून एलडीएल प्रचंड असतं आणि तरुणपणीच अटॅक येतात. रक्तातलं एलडीएल उचलून आत घेणाऱ्या यकृताच्या पेशींवरच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे एलडीएल पकडणाऱ्या प्रथिनात, तिथे दोष असतो. तो शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. याच्या नेमकं उलट, पीसीएसके9 नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे ज्यांचं एलडीएल जन्मभर कमी राहतं अशी माणसंही सापडली. 2006 साली छापून आलेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल 28 टक्क्यांनी कमी होतं आणि त्यांच्यातला हृदयविकार 88 टक्क्यांनी. 28 आणि 88 मध्ये एवढी तफावत का, तर त्यांच्या रक्तवाहिन्यांना जन्मापासून सवलत मिळत आलेली असते. आपण गोळी सुरू करतो पन्नाशीनंतर.

आणि शेवटी परिणाम. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या 'फोर एस' या चाचणीत आधीच हृदयविकार असलेले, म्हणजे तुमच्या बाबांसारखेच, 4,444 रुग्ण होते. साधारण साडेपाच वर्षांत प्लासिबोच्या 2,223 जणांपैकी 256 वारले, सिम्वास्टॅटिन या स्टॅटिनच्या 2,221 पैकी 182. म्हणजे शंभरातले तीन-चार जण जास्त जगले. हा आकडा छोटा वाटेल, पण तो मृत्यूंचा आहे. नंतरच्या डझनावारी चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा असं दिसलं की एलडीएल साधारण 39 ने उतरलं की अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतात.

भावाचा मधुमेहाचा मुद्दा खोटा नाही, हे त्याला आवर्जून सांगा. नाहीतर तो पुढचं ऐकणार नाही. 2010 साली 13 चाचण्यांमधल्या 91,140 लोकांचा एकत्रित हिशेब झाला. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता 9 टक्क्यांनी वाढते, असं त्यातून निघालं. बातमीचा मथळा होतो तो इथेच. पण त्याच अभ्यासात पुढे आहे: 255 लोकांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर मधुमेहाचा एक रुग्ण जास्तीचा निघतो. तोही बहुधा साखरेच्या उंबरठ्यावर आधीच उभा असलेला. तेवढ्याच लोकांत तेवढ्याच काळात टळणाऱ्या हृदयाच्या आणि मेंदूच्या मोठ्या घटना याच्या काही पटीने जास्त असतात. यापुढे 'धोका इतक्या टक्क्यांनी वाढला' असं कुठेही वाचलंत की एकच विचारायचं: आधी किती होता? हजारात एकाचा हजारात दोन झाला तरी मथळ्यात 'दुप्पट' असंच येणार. ते खोटंही नसतं. बाबांपुरतं सांगायचं तर तीन महिन्यांची सरासरी साखर वेळोवेळी तपासा. वाढली तर तिच्यावर उपचार करता येतो.

पाय दुखण्याचं मात्र मी हलक्यात घेणार नाही. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात. क्वचित ते गंभीरही होतं. दोन्ही पायांत जोर नाहीसा वाटला, लघवीचा रंग गडद तांबूस झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पण बहुतेकांचं दुखणं या जातीचं नसतं. लंडनमधल्या संशोधकांनी 2020 साली एक फार हुशार प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेल्या 60 जणांना त्यांनी वर्षभरासाठी 12 बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार प्लासिबोच्या, चार रिकाम्या. महिन्याला एक बाटली, आणि रोज त्रासाला गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता. गोळी सुरू झाली की वाढायचा, पण प्लासिबोने वाढायचा तो स्टॅटिनच्या नव्वद टक्के. या लोकांचं दुखणं खरंच होतं, कोणी ढोंग करत नव्हतं. गोळी घेतोय ही जाणीव आणि तिच्याबद्दल ऐकलेलं काहीबाही, यांचाच त्यात मोठा वाटा होता. स्वतःचेच आकडे दाखवल्यावर त्यांच्यातल्या निम्म्यांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केलं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती बाबांना नीट विचारा. पाय कधी दुखतात? चालायला लागल्यावर पोटरी भरून येते, थांबलं की दोन-पाच मिनिटांत बरं वाटतं, पुन्हा चाललं की पुन्हा दुखतं, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असू शकतात. घोटा आणि दंड इथला रक्तदाब मोजून ते सहज कळतं. तसं निघालं तर भावाच्या सल्ल्याने नेमकी तीच गोळी बंद केल्यासारखं होईल जिची पायांनाही गरज आहे. तसं नसेल तर स्नायूंचं एन्झाइम आणि थायरॉइड तपासून डोस कमी करणं, दुसरं स्टॅटिन देणं, काही आठवडे थांबून पुन्हा सुरू करणं, असे बरेच मार्ग डॉक्टरांकडे असतात.

आता चाचणी. अटॅक आणणाऱ्या रक्तवाहिनीतल्या थरामध्ये नुसतं कोलेस्टेरॉल नसतं, तिथे सूजही असते, हे मान्य झालेलं आहे. रक्तातला सीआरपी, म्हणजे सूज असली की वाढणारं एक प्रथिन, वाढलेल्यांना अटॅक जास्त येतात, हेही खरं. पण सीआरपी स्वतः कारण नसावं, असं जनुकांचे अभ्यास सांगतात. सुजेची साखळी त्याच्या बरीच मागे सुरू होते. 2017 साली कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने, कोलेस्टेरॉलला न शिवता, हृदयाच्या घटना सुमारे 15 टक्क्यांनी कमी करून दाखवल्या. सूज हा खरा दुवा आहे याचा तो पहिला भक्कम पुरावा. पण एकूण मृत्यू कमी झाले नाहीत आणि जंतुसंसर्गाने जाणारे वाढले. सूज प्रतिकाराचाच भाग, तेव्हा ती दाबण्याची किंमत मोजावी लागली. पुढच्या वर्षी मेथोट्रेक्सेट हे सूज दाबणारं जुनं औषध सपशेल फसलं. गाउट या सांधे सुजवणाऱ्या आजारावरचं जुनं कोल्चिसिन 2019 आणि 2020 च्या चाचण्यांत उपयोगी ठरलं, आणि 2024 मध्ये अटॅकनंतर लगेच दिलेल्या सात हजार रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. इतकी वळणं असताना 'हे नवं औषध चांगलंच आहे' असं छातीठोकपणे म्हणणाऱ्या डॉक्टरांपासून मी तरी चार हात लांब राहीन.

म्हणूनच कॉम्प्युटरने ठरवणं अन्यायाचं नाही. कोणता गट सुदैवी ठरेल हे आज चाचणी घेणाऱ्यांनाही माहीत नसतं. 'कास्ट'मध्ये प्लासिबो मिळालेले नशीबवान ठरले. शिवाय प्लासिबो मिळाला म्हणजे बाबांचे उपचार थांबले असं नव्हे. अशा चाचण्यांत नेहमीच्या सगळ्या गोळ्या चालूच राहतात, नवी गोळी किंवा प्लासिबो त्यावर दिला जातो. तसंच आहे ना, हे मात्र त्यांच्या तोंडून ऐका. आणि 'संधी हुकेल' हा विचार मनातून काढा. चाचणी हा खास उपचार नाही. तिचा फायदा झाला तर मुख्यतः पुढच्या रुग्णांना होतो, बाबांना होईल किंवा होणार नाही.

संमतीपत्र घरी आणून वाचा, तिथल्या तिथे सही नको. ते लांबलचक आणि कंटाळवाणं असतं, तरी वाचा. मोजणार काय आहेत, हा माझा पहिला प्रश्न असेल. पुन्हा अटॅक, पक्षाघात, मृत्यू मोजणार असतील तर बाबांचा वेळ एखाद्या खऱ्या प्रश्नासाठी खर्च होईल. नुसता सीआरपी उतरतो का एवढंच पाहायचं असेल तर ती पहिली पायरी आहे, आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. औषध आधी किती माणसांना दिलं गेलंय, जंतुसंसर्गावर लक्ष कसं ठेवणार, बाबांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांशी आणि स्टॅटिनशी त्याचं जमतं का, इजा झाली तर खर्च आणि भरपाई कोणाकडे, रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा, हेही विचारा. मधल्या काळात आकडे तपासून गरज पडल्यास चाचणी थांबवणारी स्वतंत्र समिती आहे का, हेही. टोर्सेट्रॅपिबची चाचणी वेळेवर थांबली ती अशाच समितीमुळे. नाही म्हटल्याने बाबांच्या उपचारात फरक पडता कामा नये आणि हो म्हणून नंतर बाहेर पडायचीही मोकळीक हवी. या दोन्हींबद्दल कोणी आढेवेढे घेतले तर तिथेच नमस्कार करून उठा.

आणि हो, हे सगळं बाबांना विचारू द्या. तुमच्या पत्रात मला त्यांचं मत कुठेच सापडलं नाही. ते 53 वर्षांचे आहेत, शुद्धीवर आहेत, सही त्यांची आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील आणि जास्तीच्या फेऱ्या, रक्ततपासण्या झेपणार असतील तर मी अशा चाचणीत जाईन. पण घाबरलेल्या माणसाने नाही म्हणणं हेही तितकंच योग्य उत्तर आहे.

राहिली तुम्ही दोघं भावंडं. वडिलांना 55 च्या आत अटॅक येणं हा मुलांसाठी नोंद घेण्याजोगा जोखीम घटक आहे. दोघांनीही रक्तदाब, साखर आणि एलडीएल तपासून घ्या, आणि आयुष्यात एकदाच करायची लायपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक कण) ही तपासणीही. त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिक असते, म्हणून एकदा पुरते. भावाला, मधुमेहाच्या आकड्याचा एवढा अभ्यास आहे तर, आणखी दोन आकडे द्या. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांना पहिल्या अटॅकची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली. आणि ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांना त्यातली तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी. 'आधी किती होता' हा प्रश्न त्याने इथेही जरूर विचारावा.